नाचणीच्या पिठात डाळिंबाच्या सालीची पूड घातली, तर भाकरी सावकाश पचेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाचणी आणि ज्वारीचं तयार पीठ विकणारा छोटा गृहउद्योग आहे, गिऱ्हाइकांमध्ये मधुमेह असलेले बरेच आहेत. पिठात ग्रीन टीचा अर्क किंवा डाळिंबाच्या सालीची पूड मिसळली, तर त्यातल्या पॉलिफिनॉलमुळे (वनस्पतींतल्या तुरट-कडू चवीच्या संयुगांमुळे) स्टार्च, म्हणजे धान्यातला पिष्ट भाग, हळू पचतो असं वाचनात आलंय. हे खरं आहे का, किती प्रमाण घ्यावं, आणि पाकिटावर तसं छापता येईल का?

परिणाम खरा आहे, परीक्षानळीत तर तो ठळकपणे दिसतो. पण पॉलिफिनॉल पिठात आहे एवढ्यावर काहीच ठरत नाही. स्टार्च पचवणारं एन्झाइम, म्हणजे पाचक रसातलं विकर, आतड्यात कामाला लागतं त्या वेळी ते पॉलिफिनॉल मोकळं आहे की आधीच दुसऱ्या कशाला तरी चिकटून बसलंय, यावर सगळं अवलंबून आहे. मिश्रण करताना बहुतेक चुका याच ठिकाणी होतात, म्हणून आधी तेवढं नीट पाहू.

स्टार्चचे दोन घटक असतात, सरळ साखळीचं अमायलोज आणि फांद्या असलेलं अमायलोपेक्टिन. नेहमीच्या धान्यात अमायलोज साधारण २० ते ३० टक्के असतं. तोंडातलं आणि मग स्वादुपिंडातलं अमायलेज या साखळ्या तोडून माल्टोज आणि छोटे तुकडे करतं. त्या तुकड्यांचं ग्लुकोज करण्याचं काम लहान आतड्याच्या अस्तरावरच्या अल्फा-ग्लुकोसिडेज गटातल्या एन्झाइमांचं. पॉलिफिनॉल या साखळीत दोन ठिकाणी आडवं येतं. एक तर ते एन्झाइमलाच चिकटतं, कधी थेट त्याच्या कामाच्या खाचेत, कधी बाहेरून, आणि त्याचा वेग उतरवतं. दुसरं म्हणजे ते स्टार्चला चिकटतं, मग एन्झाइमला साखळी धरायला जागा मिळत नाही.

एन्झाइमला चिकटण्यात सगळी पॉलिफिनॉल सारखी नाहीत. ज्यांच्या कड्यांवर हायड्रॉक्सिल गट जास्त आहेत, ज्यांना गॅलिक आम्लाचा तुकडा जोडलेला आहे किंवा ज्यांचा रेणू मोठा आहे, ती जोरात पकडतात. म्हणून टॅनिन, ग्रीन टीतलं ईजीसीजी आणि डाळिंबातलं प्युनिकॅलाजिन यांची नावं वारंवार येतात. त्याच रेणूला साखरेचा तुकडा जोडला की पकड बहुधा सैल होते. फेरुलिक आम्लासारखी लहान फिनॉलिक आम्लं या बाबतीत दुबळीच.

स्टार्चला चिकटण्याच्या बाजूने सर्वांत स्पष्ट काम ज्वारीवर झालंय, अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात टॅनिन असलेल्या ज्वारीचा अर्क स्टार्चसोबत शिजवला, तेव्हा न पचणाऱ्या स्टार्चचं प्रमाण वाढलं. लांब साखळीच्या टॅनिनचा ओढा अमायलोजकडे जास्त होता. लहान रेणूंच्या फिनॉलिक अर्काने तसा फरक पडला नाही. यातून कामाची गोष्ट ही, की अमायलोज कमी असलेल्या धान्यात या मार्गाने फारसं काही हाती लागत नाही.

आता मोकळेपणाचा मुद्दा. टॅनिनला प्रथिनांची जबर ओढ असते. आवळा किंवा कच्चं केळं खाल्ल्यावर जीभ आखडते, कारण टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना बांधून टाकतं. अमायलेज हेसुद्धा प्रथिनच, म्हणूनच ते टॅनिनच्या तावडीत सापडतं. पण ताटात डाळ, दूध, गव्हातलं ग्लुटेन असं कितीतरी जास्त प्रथिन असतं. मळतानाच टॅनिन त्याला जाऊन चिकटलं, तर अमायलेजसाठी फार कमी उरतं. चहात दूध घातल्यावर तुरटपणा कमी लागतो तो याचमुळे. शिवाय स्वादुपिंड गरजेपेक्षा कितीतरी जास्त अमायलेज सोडतं. त्यातलं निम्मं बंद पडलं तरी उरलेलं सहज काम उरकतं, आणि रक्तातल्या साखरेत काही दिसत नाही.

माणसांवरच्या दोन चाचण्या इथे लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत निरोगी माणसांना पावासोबत डाळिंबाचा रस दिला, तेव्हा साखर कमी चढली. तेच पॉलिफिनॉल अर्काच्या स्वरूपात दिलं तेव्हा फरक पडला नाही. दुसरी चाचणी फ्रान्समधली, २०२१ सालची. पावासोबत पाणी, काळा चहा किंवा लिंबाचा रस दिला. चहाने काही झालं नाही. लिंबूरसाने साखरेचा सर्वोच्च आकडा सुमारे ३० टक्क्यांनी उतरला आणि तो अर्ध्या तासाहून जास्त उशिरा आला. लिंबाचं काम आम्लाचं आहे. पोटातला घास लवकर आंबट झाला, की त्याच्यासोबत गिळलेलं लाळेतलं अमायलेज लवकर बंद पडतं. तिथे ग्लासभर रस होता, वरण-भातावर पिळलेल्या फोडीकडून तेवढी अपेक्षा ठेवू नये. तरी पिठात अर्क मिसळून पैसे घालवण्याआधी या दोन चाचण्यांकडे पाहावं. नळीत भारी ठरलेला चहा ताटात निष्प्रभ ठरू शकतो, आणि अर्काला रसाचं फळ मिळेलच असं नाही.

तुमच्या धान्यांकडे येऊ. नाचणीत पॉलिफिनॉल भरपूर असतं. तपकिरी वाणांत वजनाच्या साधारण १ ते २ टक्के, पांढऱ्या वाणांत त्याच्या निम्म्याहूनही कमी. त्यातलं बहुतांश दाण्याच्या तपकिरी सालीत आहे. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्न-तंत्रज्ञान संशोधन संस्थेत नाचणीच्या सालीतल्या पॉलिफिनॉलवर काम झालंय, आणि ते अमायलेज व अल्फा-ग्लुकोसिडेज दोन्हींना आवर घालतं हे तिथे दिसलंय. म्हणजे बाहेरून अर्क आणण्याआधी घरचं पॉलिफिनॉल आपण कुठे गमावतोय ते पाहायला हवं.

ते गमावण्याची पहिली जागा म्हणजे चाळणी. बारीक वस्त्रगाळ पीठ दिसायला छान, पण चाळणीत जो तपकिरी कोंडा राहतो त्यातच हे सगळं असतं. दुसरी जागा सत्त्व. नाचणी भिजवून, वाटून, गाळून चोथा फेकला आणि खालचा पांढरा साका वाळवला, की हाती जवळजवळ शुद्ध स्टार्च आला. लहान बाळाला ते योग्य आहे. मधुमेह असलेल्या माणसाला ‘नाचणीचं आहे, चालेल’ म्हणून सत्त्वाची खीर देणं चूक आहे. तिसरी जागा मोड आणणं. भिजवलेल्या नाचणीचं पाणी तपकिरी होतं, ते ओतलं की काही पॉलिफिनॉल त्याच्याबरोबर जातं. मोड येताना ते आणखी घटतं. आणि दोन दिवसांच्या मोडात दाण्याचं स्वतःचं अमायलेज तयार होतं. अशा पिठाची पेज शिजताना पातळ पडते, कारण साखळ्या पातेल्यातच तुटायला लागतात. बाळाच्या आहारात हाच गुण हवा असतो, तुमच्या गिऱ्हाइकाला तो नको.

सोड्याचाही विचार करा. नाचणीच्या पिठाला खायचा सोडा किंवा पापडखार लागला की रंग काळपट होतो, ताकात कालवलं की फिकट राहतो. अल्कलीत पॉलिफिनॉल ऑक्सिडाइझ होतं, आम्लात टिकतं. ग्रीन टीतलं ईजीसीजी तर अल्कलीत फारच लवकर मोडतं. त्यामुळे अर्क आणि सोडा एकाच मिश्रणात घालणं म्हणजे अर्क वाया घालवणं.

ज्वारीबद्दल गैरसमज मोठा आहे. ‘ज्वारीत टॅनिन असतं म्हणून ती हळू पचते’ हे वाक्य सगळीकडे फिरतं. टॅनिन ज्वारीच्या ठरावीक वाणांतच असतं, ज्यांच्या सालीखाली रंगीत पापुद्रा असतो त्यांत. आपली रब्बीची मालदांडी, शुभ्र मोत्यासारख्या दाण्याची, त्यांत बसत नाही. लाल दिसणारी प्रत्येक ज्वारीही टॅनिनची नसते. ओळखण्यासाठी दाणे कॉस्टिक सोडा घातलेल्या ब्लीचच्या द्रावणात बुडवून मधूनमधून हलवतात. साल विरघळते, आणि टॅनिन असलेला दाणा सगळीकडून काळा पडतो. नसलेला पांढराच राहतो, फार तर अंकुराच्या टोकाशी गडद होतो. हातमोजे आणि चष्मा घालून, हवेशीर जागी करायचं काम आहे हे. त्यातले दाणे अर्थातच फेकून द्यायचे.

मालदांडीची भाकरी काही प्रमाणात सावकाश पचत असेल तर त्याचं श्रेय ज्वारीच्या काफिरिन या प्रथिनाला द्यायला हवं. पाण्यात शिजताना त्याचे धागे गंधकाच्या बंधांनी एकमेकांत गुंततात आणि स्टार्चच्या कणांभोवती जाळी धरतात. त्याच ज्वारीच्या लाह्या केल्या की कण फुटतो, स्टार्च पूर्ण फुलतो आणि एन्झाइमला मोकळं रान मिळतं.

तरीही अर्क घालून पाहायचाच असेल, तर प्रमाण असं बघा. ग्रीन टीचा किंवा डाळिंबाच्या सालीचा कोरडा अर्क पिठाच्या ०.५ ते १ टक्का, म्हणजे किलोला ५ ते १० ग्रॅम. यापुढे तुरट-कडू चव लपत नाही. सालीची नुसती पूड असेल तर ३ टक्क्यांपासून सुरुवात करा, ५ टक्क्यांना भाकरीचा रंग आणि चव दोन्ही बदलतात. मिसळताना आधी अर्क २०० ग्रॅम पिठात चोळून घ्यावा, मग ते उरलेल्या पिठात मिसळावं, नाहीतर गाठी राहतात आणि एखादा घास भलताच कडू लागतो. गहू असलेल्या पिठात टॅनिन ग्लुटेनला बांधतं, कणीक ताठ होते आणि पोळी फुगत नाही. नाचणी-ज्वारीत ग्लुटेन नसल्याने हा त्रास कमी, पण विरी कमी झालेल्या जुन्या पिठात पुडीचा तंतुमय भाग मिसळला की भाकरी थापताना कडा चिरतात. उकड थोडी जास्त घ्यावी लागते.

आणखी एक अडचण फारसं कोणी सांगत नाही. शिजवून गार केलेल्या भात-भाकरीत अमायलोजच्या साखळ्या पुन्हा एकमेकींना घट्ट बिलगतात आणि न पचणारा स्टार्च थोडा वाढतो. चहातली पॉलिफिनॉल या साखळ्यांच्या मध्ये शिरून हे बिलगणंच रोखतात. तांदळाच्या स्टार्चवर हे दिसलंय. भाकरी जास्त वेळ मऊ राहते, टिकवणुकीच्या दृष्टीने फायदाच. पण गार केल्याने जो न पचणारा स्टार्च मिळाला असता तो कमी होतो. म्हणजे एका हाताने दिलं ते दुसऱ्या हाताने काढून घेतलं. तुमच्या मालात यातलं कोणतं पारडं जड होतं ते तपासूनच कळेल, वाचून कळणार नाही.

डाळिंबाच्या सालीबद्दल वेगळी ताकीद. डाळिंबावर तेल्या रोगासाठी आणि बुरशीसाठी तांबंयुक्त औषधं, बुरशीनाशकं, कीटकनाशकं फवारली जातात आणि ती बसतात सालीवरच. रसाच्या कारखान्यातून आलेली साल स्वस्त मिळते म्हणून थेट दळून पिठात घालू नका. प्रत्येक लॉटचा फवारणी-अंशांचा आणि जड धातूंचा अहवाल हातात असल्याशिवाय ती खाद्यपदार्थात जाता कामा नये. साल ओली ढिगात राहिली तर बुरशी लागते, म्हणून ती त्याच दिवशी पातळ पसरून वाळायला लागली पाहिजे.

आता तपासणी. इथे सर्वांत जास्त फसगत होते, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. प्रयोगशाळेला ‘इन्फोजेस्ट’ पद्धतीने पचन करायला सांगा, ही आंतरराष्ट्रीय सहमतीची पद्धत आहे, तिची सुधारित आवृत्ती २०१९ची. ५ ग्रॅम भाकरी कुस्करून तेवढ्याच कृत्रिम लाळेसोबत २ मिनिटं, मग जठररस घालून पीएच ३ ला २ तास, मग आतड्याचा रस घालून पीएच ७ ला २ तास, सगळं ३७ अंशाला. प्रत्येक टप्प्याला आकारमान दुप्पट होतं, म्हणजे शेवटी ४० मिली. आतड्याच्या टप्प्यात ०, १०, २०, ३०, ६०, ९० आणि १२० मिनिटांना नमुना काढून चौपट इथेनॉलमध्ये टाकून एन्झाइम थांबवायचं. मग अमायलोग्लुकोसिडेज या एन्झाइमने उरलेले तुकडे फोडून ग्लुकोज मोजायचं आणि ०.९ ने गुणून पचलेला स्टार्च काढायचा. भाकरी वाळवून, दळून तपासू देऊ नका. ज्या रचनेमुळे ती हळू पचते तीच त्यात मोडते.

हिशोबही करून बघा. भाकरीत पाणी ४० टक्के धरलं तर ५ ग्रॅम भाकरीत पीठ ३ ग्रॅम. १ टक्का अर्क म्हणजे ३० मिलीग्रॅम. ४० मिलीमध्ये तो दर मिलीला ७५० मायक्रोग्रॅम झाला. शोधनिबंधांत अमायलेज निम्म्यावर आणणारे आकडे बऱ्याचदा काही दहा ते काही शे मायक्रोग्रॅमचे असतात. कागदावर ७५० पुरेसं वाटतं. प्रत्यक्षात त्यातलं किती मोकळं आहे ते पाहावं लागतं. त्यासाठी आतड्याचा टप्पा संपल्यावर द्रव सेंट्रिफ्यूज करून (यंत्रात वेगाने फिरवून गाळ खाली बसवून) वरच्या निवळीतलं पॉलिफिनॉल मोजायला सांगा. ते फारच थोडं निघालं, तर अर्क प्रथिनाला बांधला गेला.

ग्लुकोज मोजण्यातच मोठा सापळा आहे. बहुतेक ठिकाणी ग्लुकोज ऑक्सिडेज-पेरॉक्सिडेजचं किट वापरतात. त्यात शेवटी रंग तयार होतो हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे, आणि पॉलिफिनॉल स्वतःच ते पेरॉक्साइड खाऊन टाकतं. रंग कमी येतो, ग्लुकोज कमी दिसतं, आणि ‘पचन ४० टक्क्यांनी घटलं’ असा अहवाल हाती पडतो, तोही पचनात काहीच फरक नसताना. साखर रंगावरून मोजण्याच्या जुन्या डीएनएस पद्धतीत उलटं होतं, पॉलिफिनॉल स्वतः रंग देतं आणि साखर जास्त दिसते. उपाय सोपा आहे. अर्क असलेल्या नमुन्यात माहीत असलेलं ग्लुकोज टाकायचं आणि किती परत मिळतं ते पाहायचं. ९५ टक्क्यांच्या खाली आलं तर ती पद्धत या मालासाठी निकामी, हेक्सोकायनेज एन्झाइमच्या किटने किंवा एचपीएलसीने (घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राने) मोजा.

सोबत तीन नमुने हवेतच: साधं पीठ, अर्काचं पीठ, आणि अर्क घालून वर पीव्हीपीपी घातलेलं पीठ. पीव्हीपीपी ही पाण्यात न विरघळणारी पूड पॉलिफिनॉलला बांधून ठेवते. ते घातल्यावर परिणाम नाहीसा झाला तर श्रेय पॉलिफिनॉलचं. तसाच राहिला तर सालीतल्या पेक्टिनचं आणि तंतूंचं. तेही वाईट नाही, पण मग महागडा अर्क कशाला? आकडे नेहमी दर ग्रॅम स्टार्चला काढा. ५ टक्के पूड घातली की स्टार्च आपोआप तेवढा कमी होतो, तो ‘परिणाम’ म्हणून मोजला जाऊ नये. आणि अल्फा-ग्लुकोसिडेजची चाचणी यीस्टच्या एन्झाइमवर केलेली असेल तर तो आकडा बाजूला ठेवा. यीस्टचं एन्झाइम आतड्यातल्या एन्झाइमपेक्षा वेगळ्या घडणीचं आहे आणि पॉलिफिनॉलपुढे फार सहज मान टाकतं.

धोके दोन. टॅनिन लोहालाही बांधतं. पावाच्या जेवणासोबत २० ते ५० मिलीग्रॅम पॉलिफिनॉल असलेलं पेय दिल्यावर लोहाचं शोषण ५० ते ७० टक्क्यांनी घटल्याचं १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं होतं. १ टक्का अर्काच्या एका भाकरीतच त्याहून कितीतरी जास्त पॉलिफिनॉल असेल. रक्तक्षय असलेल्या बायका, गरोदर स्त्रिया आणि लहान मुलं याच घरातली ही भाकरी खाणार आहेत हे विसरू नका. पाकिटावर तसं स्पष्ट लिहा. दुसरं, अकार्बोज हे औषध याच एन्झाइमांना अडवतं. ते घेणाऱ्याला वरून असं पीठ दिलं तर न पचलेला स्टार्च मोठ्या आतड्यात जाऊन गॅस आणि जुलाब होऊ शकतात. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आहार बदलण्याआधी डॉक्टरांना विचारायलाच हवं.

पाकिटावरच्या दाव्यासाठी प्रयोगशाळेतल्या नळीचा अहवाल चालत नाही. ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे पदार्थ खाल्ल्यावर रक्तातली साखर किती चढते ते सांगणारा आकडा, माणसांवरच मोजायचा असतो. आयएसओ २६६४२ या मानकानुसार किमान १० निरोगी माणसं, सहसा ५० ग्रॅम उपलब्ध कर्बोदकं, २ तासांत ठरलेल्या वेळी बोटाच्या रक्तातली साखर, आणि तुलनेला ग्लुकोजसारखं संदर्भ-अन्न. ५५ किंवा त्याखाली आलं तरच तो कमी. ‘मधुमेह बरा करणारं’ असल्या मजकुराला तर एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या जाहिरात व दावे नियमांत थाराच नाही.

तुमच्या जागी असतो तर अर्काचा खर्च आधी बाजूला ठेवून तपकिरी नाचणी न चाळता दळून घेतली असती, पाव हिस्सा दळण रवाळ ठेवलं असतं आणि १५ टक्के हरभरा डाळीचं पीठ मिसळलं असतं. रवाळ कणात स्टार्च पेशींच्या भिंतीआड राहतो आणि एन्झाइमला तिथे पोचायला वेळ लागतो. भाकरी चिरते म्हणून तक्रार आली तर रवाळ भाग कमी करण्याआधी उकडीचं पाणी वाढवून आणि पीठ १५ मिनिटं झाकून ठेवून पाहा. या पिठाची वरच्या पद्धतीने एकदा तपासणी करा, आणि तोच आकडा समोर ठेवून ०.५ टक्का अर्काची दुसरी तपासणी करा. दोन्हींत फरक पडला नाही, तर अर्क घालण्याचं कारण उरत नाही.